उठायची खुर्ची

मोहना जगतापकडे खुर्ची करायला टाकायची असेल, तर हाताशी भरपूर सवड असलेली बरी. नातवाच्या बारशाला हवी असेल तर मुलाच्या लग्नातच सांगून ठेवा, असं मी लोकांना सांगते, आणि ती शेजारी उभी असली तरी सांगते. ती नुसती हसते. राग म्हणून काही तिच्या अंगात नाहीच. त्यामुळे तिच्या वाट्याचा रागही मलाच करावा लागतो, आणि तो मी मन लावून करते.

बडोद्यात तरसालीला आमची सोसायटी आहे. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये कंपाउंडची एक भिंत आणि एक शेवग्याचं झाड, एवढंच. मी बँकेतली नोकरी संपवून घरी बसलेली, नवरा गेल्यापासून एकटी. म्हणजे दुसऱ्याच्या घरात लक्ष घालायला अगदी मोकळी. माझं माहेर दांडिया बाजारातलं, संस्थानच्या दफ्तरात कागद चालवणाऱ्यांचं. जगतापांचे पूर्वज घोडदळातले शिलेदार. आता आम्ही दोन्ही घरची माणसं भाजीवालीशी गुजरातीतच बोलतो, पण घरातल्या उठण्याबसण्यावरून कोण कुठलं ते अजून ओळखू येतं. जगतापांकडे सुनेलाही ‘तुम्ही’ म्हणतात, आणि सासरे बैठकीत असले तर सून तिथे बसत नाही. उभ्याउभ्याच बोलते आणि आत जाते. मला हे सगळं फार जड वाटायचं. मोहनाच्या ते अंगवळणी पडलं होतं.

ती इथेच फाइन आर्ट्सला शिकली. लग्नानंतर एका कंपनीत स्वयंपाकघरांची कपाटं आणि ओटे आखून द्यायची. बाई उंच असो की ठेंगणी, ओटा तेवढाच. त्या कामाचा तिला कंटाळा यायला लागला होता, तेवढ्यात तिच्या नवऱ्याला, धैर्यशीलला, मकरपुऱ्यातल्या त्याच्या कारखान्याने यंत्रांचं काम शिकायला फिनलंडला धाडलं. ही आणि छोटी सानवीही सोबत गेल्या. हिवाळ्याचे दिवस, दुपारीच अंधार, बाहेर बर्फ. घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात बसून राहण्यापलीकडे काही उद्योग नव्हता. तिथे एक साधं स्टूल होतं. मालकिणीच्या आईचं. आता मालकिणीची नात त्याच्यावर उभी राहून हात धुवायची. त्याचे पाय वरच्या टोकाला वाकून बैठकीला, म्हणजे बसायच्या फळीला, जाऊन मिळाले होते, आणि पायांना धरून ठेवणारी एकही आडवी पट्टी खाली नव्हती. मोहना फरशीवर बसून ते खालून बघत राहायची. मालकिणीला वाटलं, हिचं काहीतरी हरवलंय.

पुढे बऱ्याच वर्षांनी अहमदाबादला एक म्हातारे जपानी सुतार आले होते, लाकडाचे सांधे शिकवायला. भाषा एकमेकांना कळत नव्हती. ते नुसतं करून दाखवायचे. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची, वरून पाचर ठोकायची, खिळा नाही की स्क्रू नाही. आपली करवत ढकलताना कापते, त्यांची ओढताना. घरी आल्यावर मोहना मला म्हणाली, “रमाताई, ते गृहस्थ लाकूड हातात घेऊन आधी कितीतरी वेळ नुसते बघत बसायचे.” मी म्हटलं, आमच्या बँकेतही काही जण फाइल हातात घेऊन तसेच बसायचे, त्यांना कोणी अहमदाबादला बोलावलं नाही. यावरही ती हसलीच.

त्यानंतर जगतापांची गाडी उन्हात आणि लाकडं गॅरेजमध्ये सावलीत, अशी व्यवस्था झाली. मांडवीकडे जुनी घरं उतरवतात, तिथल्या तुळयांचं सागवान ती आणते. मदतीला गुणवंतभाई मिस्त्री आहेत. ते मूळचे संखेड्याचे, लाल-सोनेरी चकचकीत झोपाळे करणाऱ्या घराण्यातले. मोहना लाकडाला जवसाचं तेल चोळते आणि तेवढ्यावर थांबते, हे त्यांना अजूनही बघवत नाही. “बेन, आ तो उघाडुं लागे छे,” असं म्हणून ते त्या उघड्यानागड्या लाकडावरून नजर बाजूला घेतात. पण तिचं काम सोडून गेले नाहीत.

तिची कामाची रीत मात्र सगळ्यांना ठाऊक झाली होती. ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याला ती आधी बसायला लावते आणि उठायला लावते. मी दाराशी चपला घालायला एक स्टूल सांगितलं होतं. म्हणाली, “जरा बसून दाखवा.” बसले. “आता उठा.” उठले. पुन्हा बसा, पुन्हा उठा. माझी शाळेतली शिक्षा मोठेपणी पुरी झाली. शेवटी म्हणाली, “तुम्ही उठताना डावा हात टेकता.” मी म्हटलं, हे सांगायला तू कशाला हवी होतीस? पण स्टूल आलं तेव्हा त्याची डावी कड जराशी उचललेली होती, बरोबर माझा तळवा बसेल एवढी. मी त्यावर रोज बसते आणि उशीर झाल्याबद्दल रोज कुरकुर करते.

आता तिच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. प्रतापराव जगताप, घरात सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. ताठ माणूस, मिशा अजून पिळदार. त्यांचा एक रिवाज होता. दारात कोणीही येवो, व्याही येवो की वीजबिल देणारा, ते खुर्चीतून उठायचे, एक पाऊल पुढे यायचे, नमस्कार करायचे, आणि पाहुणा बसल्याशिवाय बसायचे नाहीत. माझ्यासाठीही उठायचे. मी रोज साखर मागायला गेले तरी रोज उठायचे, त्यामुळे मी साखर विकत आणायला लागले.

मग त्यांचे गुडघे गेले. हृदय अशक्त म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. एकदा उभे राहिले की काठी घेऊन ते अंगणभर फिरायचे. घोडं अडायचं ते फक्त खुर्चीतून उठताना. त्या दसऱ्याला त्यांचे एक जुने सहकारी सोनं द्यायला आले. आबासाहेब सवयीने उठायला गेले. अर्धे वर आले आणि धपकन खाली बसले. सहकाऱ्याने त्यांच्या काखेत हात घातला आणि म्हणाला, “असू दे साहेब, बसा, बसा.” बिचारा चांगल्या मनानेच म्हणाला. पण मी तिथे होते, आणि आबासाहेबांचा तो चेहरा मला आवडला नाही. चारचौघांत कोणी थोबाडीत मारावी तसा झाला होता.

त्या दिवसापासून ते बैठकीत यायचे बंद झाले. बेल वाजली की आपल्या खोलीत पलंगावर पडायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. “झोपलेत म्हणून सांगा,” असा हुकूम होता. लोक यायचे, चौकशी करून जायचे. हळूहळू लोक कमी झाले. मला तर ते झोपलेत हे कधीच पटलं नाही, कारण झोपलेला माणूस इतका गप्प नसतो.

हे असं जवळजवळ वर्षभर चालल्यावर सानवीचं ठरलं. मुलगा हार्दिक, तिच्याच ऑफिसातला, गुजराती. दोघांनी आपलं आपण ठरवलं होतं, दोन्ही घरांना पसंत होतं. दिवाळी झाल्यावर हार्दिकचे आईवडील पहिल्यांदा घरी येणार होते, साखरपुड्याचं बोलायला. जगतापांकडे अशा वेळी पाहुण्यांचं स्वागत घरातला थोरला माणूस करतो. आबासाहेबांनी सांगितलं, “आम्ही बाहेर येणार नाही. पहिल्यांदा घरात येणाऱ्या व्याह्यांना बसून नमस्कार करायचा? त्यापेक्षा आजारी आहेत म्हणून सांगा.”

धैर्यशील म्हणाला, “आबासाहेब, मी धरून उठवतो ना.”

“तू उचललंस तर ते उठणं होत नाही.”

सानवी रडली. आजोबा बैठकीत नसतील तर मीही खोलीतच बसेन, त्यांना काय सांगायचं ते सांगा, असं तिने जाहीर केलं. ती त्यांचीच नात, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती. मोहना गॅरेजमध्ये गेली आणि एक जुनी तुळई चिरायला घेऊन बसली.

तिने केलेली खुर्ची बघायला सोसायटीतले लोक आले. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा गप्प झाले. जपानी धर्तीची, बुटकी, ऐसपैस, मागे जराशी कललेली. सांधे असे की बोट फिरवलं तरी कळू नये लाकूड कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं. गुणवंतभाईंनीही या वेळी रंगाचा विषय काढला नाही. आबासाहेबांना धरून तिच्यात बसवलं. ते टेकले, हात पसरले, डोळे मिटले. सगळ्यांना बरं वाटलं. मग त्यांनी उठायचा प्रयत्न केला. जुन्या वेताच्या खुर्चीतून ते निदान अर्धे तरी वर यायचे. हिच्यातून हललेसुद्धा नाहीत. दुसऱ्यांदा जोर केला, काठी घसरली. तिसऱ्यांदा केलाच नाही.

“खुर्ची फार छान आहे, सूनबाई,” ते दाराकडे बघून म्हणाले, कारण मोहना दाराआड उभी होती. “फक्त हिच्यातून परत यायची वाट नाही.”

धैर्यशीलने त्यांना उचललं आणि ते खोलीत गेले. मी मोहनाच्या मागे गॅरेजमध्ये गेले. ती झाडू घेऊन रंध्याचा भुसा गोळा करत होती. गुणवंतभाई पटाशीला धार लावत होते, म्हणजे ऐकत होते.

“माप कशाचं घेतलं होतंस?” मी विचारलं.

“त्यांच्या जुन्या खुर्चीचं. दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्याचं. चपलांचं.”

“आणि त्यांचं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अचकटविचकट बोलले. “ते उठायला लागले की मी आत जाते, रमाताई. लग्न होऊन आले तेव्हापासून. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, वडीलधारे उठताबसताना बघत उभं राहू नये.”

“म्हणजे तू त्यांना उठताना कधी पाहिलंच नाहीस?”

“नाही.”

माझा तोल गेला. “अगं, अख्ख्या बडोद्याला उठाबशा काढायला लावतेस. मला, या सोसायटीच्या चेअरमनला, त्या पोळीवाल्या बाईला. आणि घरातल्या माणसाची खुर्ची पायजम्यावरून केलीस?”

ती झाडत राहिली. मग झाडू भिंतीला टेकवून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहनाला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझी जीभ जरा जास्तच चालली हे मला कळलं, पण बोललेलं खोटं नव्हतं. गुणवंतभाई पटाशीवरून मान न उचलता म्हणाले, “बेन, दादाने पूछी तो जुओ.” आजोबांना विचारून तर बघा.

दुसऱ्या दिवशी मी शेवग्याच्या शेंगा द्यायला गेले होते. शेंगा हे निमित्त होतं, हे सांगायला नको. आबासाहेब खोलीत त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. मोहना डोक्यावर पदर घेऊन दाराशी आली.

“आबासाहेब, खुर्ची चुकली. चूक माझी आहे. मी तुम्हाला उठताना कधी पाहिलेलं नाही. मला ते बघायला हवंय.”

आबासाहेबांनी मिशीला हात लावला, काढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, “सूनबाई, ते बघण्यासारखं राहिलेलं नाही.”

मला वाटलं, संपलं. ती आता मान खाली घालून आत जाणार. ती मान खाली घालून पुढे आली आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसली.

“मी वर बघणार नाही,” ती म्हणाली. “पायच बघेन.”

इतक्या वर्षांत त्या माणसासमोर तिला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आबासाहेबही बघत राहिले, तिच्या डोक्यावरच्या पदराकडे. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“रमाबाई, तुम्ही मात्र भिंतीकडे बघा.”

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर दूधवाल्याने दिलेलं कॅलेंडर होतं. त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं. वेत करकरला. काठी टेकली. श्वास मोठा झाला, अडकला, आणि खुर्ची पुन्हा करकरली.

“थांबा,” मोहनाचा आवाज खालून आला. “तुम्ही उजवा पाय मागे घेता.”

“घेतो?”

“घेता. पण टाच मागे जातच नाही. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांमध्ये आडवी पट्टी आहे, तिला अडते. प्रत्येक वेळी अडते.”

वेत पुन्हा करकरला. मग आबासाहेब म्हणाले, “पट्टीला अडते?”

“हो. पाय गुडघ्याच्या मागे गेल्याशिवाय कोणालाच उठता येत नाही, आबासाहेब. मलाही येणार नाही. आणि माझ्या खुर्चीत तर मी ती पट्टी आणखी वर घेतली, आणि बैठक खाली.”

“आम्हाला वाटलं,” ते म्हणाले, आणि थांबले. “आम्हाला वाटलं, सगळं आमच्यातच संपलं.”

कॅलेंडरवरच्या तारखा मला दिसेनाशा झाल्या. मी शेंगा तिथेच स्टुलावर ठेवल्या आणि घरी आले.

त्यानंतर रोज सकाळी तोच कार्यक्रम. मोहनाने पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांची एक कच्ची, कुरूप खुर्ची ठोकली. गुणवंतभाई तिच्या पायांखाली लाकडाच्या चकत्या सारायचे, काढायचे. आबासाहेब बसायचे, उठायला बघायचे. ती फरशीवर, नजर त्यांच्या पावलांवर. तिथून तिला एकेक दिसत गेलं. बैठक उंच हवी, पण इतकीच की पावलं पुरती टेकतील. खुर्चीचे हात बैठकीच्या कडेच्याही पुढे यायला हवेत, कारण उठताना ते मुठी दाबतात, तळवे नाही. पाठ सरळ हवी. आराम करायची खुर्ची नव्हेच ती. तिच्यात बसून कोणाला डुलकी आली नसती. मला विचाराल तर अर्धं काम त्या रोजच्या उठाबशांनीच केलं, पण हे मी मोहनासमोर बोलत नाही.

आणि एक झालं. ती वर बघायची नाही, म्हणून की काय, आबासाहेब बोलायला लागले. तिच्या डोक्यावरून, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखे. त्यांच्या आजोबांच्या घोडीबद्दल. वडिलांच्या हातच्या माराबद्दल. सासूबाई नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा पहिल्या दिवशी काय करपवलं त्याबद्दल. मोहना मला म्हणाली, “रमाताई, मला त्यांचा आवाज एवढा वेळ कधी ऐकायलाच मिळाला नव्हता.”

खरी अडचण पुढे होती. खाली आडवी पट्टी नको म्हटल्यावर पुढचे पाय धरून ठेवायचे कशाने? एवढा माणूस पुढे झुकून सगळा भार टाकणार, पाय फाकले तर? मोहनाने फिनलंडच्या त्या स्वयंपाकघरातली रीत काढली. पायाच्या वरच्या टोकाला उभे चिरे द्यायचे, त्यांत पातळ पट्ट्या सरस लावून सरकवायच्या आणि ते टोक हळूहळू वाकवून साच्यात आवळून ठेवायचं. सरस वाळला की पाय कायमचा वाकलेला. मग तो बैठकीला खालून धरतो, पट्टीची गरज उरत नाही. सांगायला सोपं. पहिला पाय वाकवताना फाटला. दुसराही फाटला. दिवाळी आली आणि गेली, घरोघरी फराळाचे डबे गेले, आणि गॅरेजमध्ये अजून नुसते पायच होते. मी रोज जाऊन ओरडून येत होते. ती लाकूड वाफेवर धरायची, हाताने चाचपायची, आणि तयार नाही म्हणून परत ठेवायची. “घाई केली तर फाटतं,” एवढंच उत्तर. माझ्या रक्तदाबाचं काय, हे तिने विचारलं नाही.

शेवटी पाय वाकले. बाकीचे सांधे तिने त्या जपानी म्हाताऱ्यासारखे केले, पाचर ठोकून. खुर्ची उभी राहिली तेव्हा गुणवंतभाई स्वतः तिच्यात बसले आणि पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे जेवढं हादरवता येईल तेवढं हादरवलं. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. दिसायला ती पहिलीच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. उंच, अंग चोरून उभी, पुढे दोन जाड हात काढलेली. कौतुकाला सोसायटीतलं कोणी आलं नाही.

पाहुणे यायच्या दिवशी आबासाहेबांनी पांढरा झब्बा घातला, मिशा नीट केल्या आणि लवकरच बैठकीत येऊन बसले. मला मुद्दाम बोलावणं होतं. धैर्यशील त्यांच्या खुर्चीमागे उभा होता, एक हात नकळत पुढे आलेला. मोहना स्वयंपाकघरात. तिला मी म्हटलं, अगं, तू बाहेर ये, तुझी खुर्ची आहे. ती म्हणाली, “मी इथेच बरी आहे, रमाताई. माझ्याने बघवणार नाही.” रोज पावलं बघणारी बाई, आणि ऐन वेळी ओट्याकडे तोंड करून आलं किसत होती.

बेल वाजली. सानवीने दार उघडलं. हार्दिक, त्याच्यामागे त्याचे आईवडील, हातात मिठाईचे खोके.

“धैर्यशील, हात खाली,” आबासाहेब मागे न बघता म्हणाले.

उजवा पाय मागे गेला. टाच कुठेही अडली नाही. मुठी पुढच्या गोल टोकांवर बसल्या, मान पुढे आली. क्षणभर ते तसेच राहिले, ना बसलेले, ना उठलेले, आणि मी माझ्या पदराचा बोळा करून हातात आवळला. मग गुडघे सरळ व्हायला लागले. सावकाश, मोहनाच्या कामासारखेच सावकाश. आणि आबासाहेब उभे राहिले. एक पाऊल पुढे आले. हात जोडले.

“आवो, पधारो. आ तमारुं ज घर छे.”

हार्दिकचे वडील वाकून पाया पडले. त्या लोकांना काहीच कल्पना नव्हती. त्यांच्या दृष्टीने एक आजोबा उठले आणि त्यांनी नमस्कार केला, बस. सानवी मात्र दाराची कडी धरून उभी होती आणि तिला दार लावायचं सुचत नव्हतं.

पाहुणे बसले, मग आबासाहेब बसले. बोलणं सुरू झालं, कधी गुजरातीत, कधी मराठीत. हार्दिकच्या आईला आमचं मराठी बरंच कळत होतं, शेजारी मराठीच आहेत म्हणाल्या. त्यांची नजर फिरत फिरत आबासाहेबांच्या खुर्चीवर आली. कौतुकाने नव्हे, जरा नवलानेच.

“आ खुर्सी जुदी ज छे,” त्या म्हणाल्या. “क्यांथी लीधी?” म्हणजे कुठून घेतली.

आबासाहेबांनी मान वळवली. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. मोहना तिथून चहाचा ट्रे घेऊन येत होती, डोक्यावर पदर, नजर कपांवर.

आबासाहेबांनी उजवा पाय मागे घेतला. मुठी दाबल्या. आणि पुन्हा उठले.

घरातला थोरला माणूस उभा राहिल्यावर बाकीच्यांनी कसं बसायचं? धैर्यशील हातातले पाण्याचे पेले खाली ठेवून सरळ झाला. सानवी उठली. हार्दिक उठला. त्याचे वडील उठले, आईही उठल्या, का ते न कळता. मीही उठले. सगळी बैठक उभी.

मोहनाने मान वर केली. आम्हा सगळ्यांना उभं पाहिलं आणि आपल्यामागून कोण आलंय ते बघायला मागे वळली.

मागे कोणी नव्हतं.

“आमची खुर्ची यांनी केली,” आबासाहेब पाहुण्यांना म्हणाले. मग तिच्याकडे वळले. “सूनबाई, बसा.”

ती ट्रे धरून तशीच उभी. मी पुढे होऊन तो तिच्या हातातून घेतला. मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. तिने एकदा धैर्यशीलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आबासाहेब उभेच होते, मुठी खुर्चीला न टेकता. पाहुणा बसल्याशिवाय ते बसणार नाहीत हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मोहना हार्दिकच्या आईशेजारी सोफ्याच्या कडेवर बसली. मग आबासाहेब बसले.